न विकलेल्या छायाचित्रांचें दालन

ज्याच्या दिवाणखान्यांत एखादें तरी छायाचित्र टांगलेलें नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ शोधून काढणें कठीण आहे. आजोबांचें, नवपरिणीत जोडप्याचें, एखाद्या थोर पुढाऱ्याचें छायाचित्र घरोघर असतें. तथापि त्याची किंमत काय, असें कोणी विचारलें तर आपण गोंधळून जातों. चौकटीचे व कांचेचे पैसे सांगतां येतात; आंतल्या कागदाचे सांगतां येत नाहींत. ज्याच्या घरचें तें असतें त्याला तें अमोल, इतरांना फुकट दिलें तरी नकोसें. तैलचित्राची गोष्ट निराळी. तें एकच असतें, म्हणून त्याला गिऱ्हाईक असतें. छायाचित्राच्या एका कांचेवरून हव्या तितक्या प्रती निघतात. आणि जिचा तुटवडा नाहीं त्या वस्तूला बाजारांत भाव नाहीं, हा व्यवहाराचा जुना नियम आहे.

हा नियम मोडून पाहण्याचें धाडस १९३१ सालीं न्यूयॉर्क शहरांत एका तरुण जोडप्यानें केलें. पतीचें नांव ज्यूलियन लेव्ही, पत्नीचें जोएला. दोघांचीं वयें पंचविशीच्या आगेंमागें होतीं. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू ह्या संपन्न रस्त्यावर त्यांनीं एक कलादालन उघडलें आणि आरंभीं मुख्यतः छायाचित्रेंच त्यांत विक्रीस मांडिलीं. व्यापार म्हणून हा प्रयोग फसला. परंतु जें विकलें गेलें नाहीं त्यांतूनच पुढील पिढ्यांच्या हातीं एक मोठा ठेवा आला. कलेच्या इतिहासांतील ही हकीकत मनोरंजक तर आहेच. पण यश कशाला म्हणावें आणि तें कोणाच्या नांवावर मांडावें, असा एक प्रश्नहि ती आपल्यापुढें ठेविते.

हें धाडस केवढें होतें हें कळण्यासाठीं त्या काळीं छायाचित्रणाची स्थिति काय होती तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. १८३९ सालीं दागेरची युक्ति पॅरिसमध्यें जाहीर झाली, तेव्हांपासूनच एक आक्षेप ऐकूं येत होता : हें काम यंत्राचें व रसायनांचें, त्यांत कलावंताचा हात कोठें? ह्या आक्षेपाला भिऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे पुष्कळ छायाचित्रकार आपल्या कृतींना चित्रकलेचा वेष चढवीत. भिंगाची नजर किंचित् अंधुक ठेवावी, कागदावर कुंचल्यानें हात फिरवावा, धुक्यांतलीं झाडें व विचारमग्न स्त्रिया हे विषय निवडावे, असा संप्रदायच पडला होता. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यानें १९०५ सालीं न्यूयॉर्कमध्यें काढलेलें आणि पुढें '२९१' ह्या घरक्रमांकानेंच प्रसिद्धीस आलेलें लहानसें दालन प्रथम ह्याच संप्रदायाचें होतें.

पुढें स्वतः स्टिग्लिट्झनें व त्याचा तरुण सहकारी पॉल स्ट्रँड यानें हा वेष टाकून दिला. छायाचित्रानें छायाचित्रच असावें. भिंगाला जें स्वच्छ व निष्ठुरपणें दिसतें तेंच त्यानें दाखवावें, अशी नवी भूमिका पुढें आली. पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत तिला आणखी धार चढली. मोहोली-नॉज उंच मनोऱ्यावरून सरळ खालीं पाहून चित्र घेई, आणि ओळखीची जमीन एखाद्या नक्षीसारखी दिसूं लागे. मॅन रे कॅमेऱ्यावांचूनच, संवेदनशील कागदावर वस्तु ठेवून त्यांच्या सावल्या टिपी. ह्या सर्व खटपटींना आज आपण आधुनिक छायाचित्रण असें एक नांव देतों. त्या वेळीं मात्र त्यांना बाजार नव्हता, आणि संग्रहालयांतहि फारसें स्थान नव्हतें.

ज्यूलियनचे वडील न्यूयॉर्कमध्यें घरें-जमिनींचा व्यवहार करणारे सधन गृहस्थ होते. त्यांनीं मुलाला हार्वर्ड विद्यापीठांत घातलें. तेथें पॉल सॅक्स ह्या नामांकित अध्यापकापाशीं तो संग्रहालयशास्त्र शिकला. परंतु पदवी न घेतांच बाहेर पडला. मार्सेल द्युशाँ ह्या फ्रेंच कलावंताशीं त्याची ओळख झाली आणि १९२७ च्या आरंभीं त्याच्याच संगतींत तो पॅरिसला जाण्यास बोटीवर चढला. मॅन रेच्या साहाय्यानें एक चित्रपट काढावा असा त्याचा बेत होता. चित्रपट निघाला नाहीं. परंतु पॅरिसमध्यें त्याला जोएला भेटली आणि त्याच वर्षीं दोघांचें लग्न झालें.

जोएला ही मायना लॉय ह्या इंग्रज कवयित्रीची कन्या. आई कविता लिही, चित्रें काढी, आणि चरितार्थासाठीं दिव्यांवरच्या शेड बनवून विकण्याचें दुकान पॅरिसमध्यें चालवी. मुलगीहि त्या दुकानांत राबत असे. कलावंतांच्या संगतींत वाढलेल्या मुलीला कलेची पारख असावी यांत नवल नाहीं. परंतु दुकान म्हणजे काय असतें, गिऱ्हाइकाचें मन कसें धरावें लागतें, हेंहि जोएलाला लहान वयांतच कळून चुकलें होतें. पुढील हकीकतींत ह्या गोष्टीचें महत्त्व ध्यानीं येईल.

त्याच पॅरिसमध्यें ज्यूलियनला एक वृद्ध माणूस भेटला. त्याचें नांव यूजीन आत्झे. सुमारें तीस वर्षें हा मनुष्य अवजड लांकडी कॅमेरा व कांचा वाहून नेत जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानें, अंगणें, जिने व बागांतले पुतळे टिपीत आला होता. आपण कलावंत आहों असें त्यानें मिरविलें नाहीं. 'कलावंतांसाठीं दस्तऐवज' अशी त्याची पाटी होती. चित्रकारांना नमुना म्हणून व संग्रहालयांना नोंद म्हणून तो आपल्या प्रती विकी. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या मॅन रेला मात्र त्या रिकाम्या रस्त्यांत व दुकानांच्या कांचांतील प्रतिबिंबांत कांहीं विलक्षण दिसलें. ज्यूलियनलाहि तें दिसलें व त्यानें म्हाताऱ्याकडून बऱ्याच प्रती विकत घेतल्या. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें आत्झे वारला.

आत्झेच्या मागें राहिलेल्या कांचा आणि हजारों प्रती यांचें काय व्हावयाचें? मॅन रेच्या हाताखालीं शिकलेली बेरेनिस अ‍ॅबट ही अमेरिकन तरुणी पुढें सरसावली. तिनें १९२८ सालीं हा सारा संग्रह विकत घेतला व पुढें न्यूयॉर्कला नेला. एकटीला तो भार पेलवेना, तेव्हां १९३० सालीं ज्यूलियननें त्यांतील निम्मा हिस्सा घेतला. म्हणजे दालन उघडण्यापूर्वीच एका मृत माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांची जोखीम लेव्ही कुटुंबाच्या शिरावर आली होती. नफ्याच्या हिशेबानें पाहिलें तर ही खरेदी शहाणपणाची नव्हती. आत्झेला न्यूयॉर्कमध्यें कोण ओळखत होतें?

मातेच्या वारशानें आलेल्या पैशावर ज्यूलियननें दालन काढावयाचें ठरविलें. त्याआधीं वेही गॅलरी ह्या पुस्तकांच्या व मुद्रित चित्रांच्या दुकानांत त्यानें उमेदवारी केली होती. काळ मात्र फार वाईट होता. १९२९ च्या ऑक्टोबरमध्यें शेअरबाजार कोसळला होता. पेढ्या बुडत होत्या, कामगार बेकार होत होते, आणि श्रीमंतहि हात आंखडते घेत होते. अशा वेळीं, २ नोव्हेंबर १९३१ रोजीं, ज्यूलियन लेव्ही गॅलरीचें दार उघडलें. पहिलें प्रदर्शन अमेरिकन छायाचित्रणाचें सिंहावलोकन करणारें होतें. स्टिग्लिट्झ, स्ट्रँड, स्टायकेन, शीलर अशा मंडळींचीं कामें त्यांत होतीं, आणि ज्येष्ठ स्टिग्लिट्झला मानवंदना देण्याचा हेतु उघड दिसत होता.

पुढील दोन वर्षें प्रदर्शनांमागून प्रदर्शनें झालीं. डिसेंबरांत आत्झे व नादार हे दोघे पॅरिसवासी शेजारीं शेजारीं मांडले गेले; एकानें रिकामें शहर टिपलेलें, दुसऱ्यानें एकोणिसाव्या शतकांतले फ्रेंच साहित्यिक व कलावंत. १९३२ च्या फेब्रुवारींत युरोपांतील आधुनिक छायाचित्रकारांचें प्रदर्शन झालें, एप्रिलांत मॅन रेचें. त्याच वर्षाच्या अखेरीस ली मिलर हिचें प्रदर्शन सुरू झालें. तिच्या हयातींत झालेलें तिचें हें एकमेव स्वतंत्र प्रदर्शन होय. १९३३ च्या शरदांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या पंचवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाचीं छायाचित्रें येथें लागलीं. हें त्याचें पहिलें प्रदर्शन. पुन्हां १९३५ सालीं त्याचीं कामें वॉकर इव्हान्स व मेक्सिकोचा मान्वेल आल्व्हारेझ ब्राव्हो यांच्या कामांसह ह्याच भिंतींवर आलीं. विसाव्या शतकाच्या छायाचित्रणाचा इतिहास लिहावयास घेतला, तर हीं नांवें वगळून एक प्रकरणहि पुरें होणार नाहीं.

लोक येत, पाहत, वर्तमानपत्रांत परीक्षणें येत. परंतु खरेदी फारशी होत नसे. हातांनीं रंगविलेलें चित्र भिंतीवर लावण्यांत प्रतिष्ठा होती. छायाचित्र तर रोज सकाळीं वर्तमानपत्रांतून घरीं येतच होतें. त्यासाठीं चार पैसे अधिक कां मोजावे, हें गिऱ्हाइकाला पटेना. ज्यूलियननें नाना युक्त्या योजिल्या. छायाचित्रें दिव्यांच्या शेडवर व कचऱ्याच्या टोपल्यांवर चिकटवून, अशा नित्योपयोगी वस्तूंच्या रूपानें तीं घरांत शिरावीं असा प्रयत्न त्यानें केला. भिंतीवर जागा नाहीं तर निदान दिव्यावर तरी! सासूच्या दुकानांतील विद्या जांवयानें आपल्या दालनांत आणिली असें थट्टेनें म्हणावयास हरकत नाहीं. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें भित्तिचित्रांचें प्रदर्शन भरविलें, त्यांत प्रचंड आकाराच्या छायाचित्रांचा विभाग ज्यूलियननें जमविला; इमारतींच्या दर्शनी दालनांत तरी छायाचित्रांना आश्रय मिळेल, ही त्यामागची आशा. ह्यांपैकीं एकाहि उपायानें दालनाचा खर्च भागण्याइतकी विक्री झाली नाहीं.

शेवटीं दालन तगलें तें दुसऱ्याच मालावर. १९३२ च्या जानेवारींत येथें अतिवास्तववादी कलेचें न्यूयॉर्कमधलें पहिलें प्रदर्शन झालें. साल्व्हादोर दालीचें वितळत्या घड्याळांचें तें लहानसें चित्र, जें आज शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे, त्यांत होतें. लोक हंसले, चिडले, पण पाहावयास आले, आणि हळूहळू विकतहि घेऊं लागले. ज्यूलियननें वारा ओळखला. छायाचित्रांचीं प्रदर्शनें विरळ होत गेलीं. मॅक्स एर्न्स्ट, जोसेफ कॉर्नेल, पुढें १९३८ सालीं मेक्सिकोची फ्रीडा काहलो, अशांचीं नांवें दालनाशीं जोडलीं गेलीं. कलेच्या इतिहासांत हें दालन अतिवास्तववादाचें अमेरिकेंतील माहेरघर म्हणूनच पुष्कळ काळ ओळखलें गेलें. ज्या हेतूनें तें निघालें तो हेतु त्याच्याच कीर्तीखालीं झांकून गेला.

आतां जोएलाविषयीं. दारावर नांव ज्यूलियनचें होतें. कलावंतांना गांठणें, नव्याचा वास घेणें, मोठमोठ्या मंडळींशीं वादविवाद करणें हें काम त्याचें, आणि तें त्याला उत्तम साधत असे. परंतु हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, दालनांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस, हें रोजचें ओझें जोएलानें वाहिलें. आणि तेंहि तीन मुलगे वाढवितांना. पॅरिसमध्यें तिची आई मायना लॉय दालनाची प्रतिनिधि म्हणून काम पाही. चित्रकारांना भेटावें, माल निवडावा, बोटीनें पाठवावा. मायलेकींच्या पत्रांतून ह्या व्यवहाराची जी हकीकत मागें राहिली आहे ती वाचली, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. हें दालन एका हौशी तरुणाचा खेळ नव्हतें. तें एका कुटुंबाचें दुकान होतें. त्याच्या एका टोकाला पॅरिसमध्यें आई होती, दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कमध्यें मुलगी. कलेच्या इतिहासांत शोधक दृष्टीच्या माणसाची नोंद होते. ज्या वहीमुळें महिनाअखेर दालनाचें दार उघडें राहिलें त्या वहीची क्वचितच होते. ज्यूलियनचें श्रेय यानें कमी होत नाहीं. परंतु दोघांच्या कामाला एकच नांव लागलें, हें वाचकांनीं लक्षांत ठेविलें पाहिजे.

तो संसारहि टिकला नाहीं. १९४२ सालीं दोघांचा घटस्फोट झाला. जोएलानें १९४४ सालीं हर्बर्ट बायर ह्या कलावंताशीं विवाह केला. तो जर्मनीच्या बाउहाउस ह्या प्रसिद्ध कलाशाळेंत शिकवीत असे व स्वतः उत्तम छायाचित्रकार होता. दालन १९४९ सालीं बंद झालें. ज्यूलियन पुढें कनेक्टिकट प्रांतांतील आपल्या शेतावरच्या घरीं राहूं लागला. न विकलेलीं छायाचित्रें खोक्यांत घालून त्यानें बरोबर नेलीं, आणि तीं तेथें वर्षानुवर्षें पडून राहिलीं. त्यानें तीं जपलीं असें म्हणावें, कीं केवळ फेंकून दिलीं नाहींत असें म्हणावें? मला वाटतें, दुसरें म्हणणेंच सत्याला अधिक धरून होईल. भविष्यांतील किंमत ओळखून कोणी तीं सांभाळलीं नव्हतीं. ज्याच्यावर एकदां जीव लावला तें टाकवत नाहीं, ह्या साध्या मानवी स्वभावानें तीं वांचलीं.

मधल्या काळांत जग बदललें. १९४० सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग काढला. १९६८ सालीं त्याच संस्थेनें अ‍ॅबट व लेव्ही यांच्या मालकीचा आत्झेचा संग्रह विकत घेतला. त्यांत सुमारें ५,००० प्रती होत्या, व शिवाय कांचा. 'कलावंतांसाठीं दस्तऐवज' विकणारा तो म्हातारा आतां स्वतःच आधुनिक छायाचित्रणाचा एक आद्य पुरुष ठरला. १९७६ सालीं शिकागोच्या कलासंस्थेंत डेव्हिड ट्रॅव्हिस यांनीं लेव्हीच्या संग्रहांतील छायाचित्रांचें प्रदर्शन मांडिलें आणि त्या संग्रहाचा कांहीं भाग त्या संस्थेकडे आला. खोकीं उघडलीं गेलीं तेव्हां अभ्यासक चकित झाले. कारण त्या दशकांतील पुष्कळ कामांच्या मूळ प्रती अन्यत्र मिळणें दुर्घट झालें होतें. पुढच्याच वर्षीं ज्यूलियननें आपल्या दालनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १९८१ सालीं तो वारला. जोएलानें २००४ पर्यंतचें दीर्घ आयुष्य पाहिलें. उरलेला मोठा संग्रह २००१ सालीं फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाकडे गेला, आणि २००६ सालीं तेथें त्याचें प्रदर्शन झालें. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांना गिऱ्हाईक मिळालें नव्हतें त्या कागदांसाठीं आतां थंड व कोरड्या हवेच्या खोल्या राखल्या जातात.

येथें व्यवहाराचा तो पहिला नियम पुन्हां आठवतो. छायाचित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात हें खरें; पण त्या काढतो कोण? कांच फुटते, कागद पिवळा पडतो, छायाचित्रकार मरतो, घर बदलतांना खोकें टाकून दिलें जातें. आणि जें अमर्याद वाटत होतें त्याच्या दोन-चारच प्रती उरतात. विपुलता हीच त्या वस्तूची शत्रु होती. पुष्कळ आहे म्हणून कोणी राखलें नाहीं, आणि कोणी राखलें नाहीं म्हणून तें दुर्मिळ झालें. लेव्ही दांपत्याला दुकानदारींत अपयश आलें नसतें, सारीं छायाचित्रें विकलीं गेलीं असतीं, तर तीं घराघरांत पांगून त्यांतलीं किती टिकलीं असतीं, कोण सांगूं शकेल? अपयशानेंच संग्रह एकत्र ठेविला.

एका गोष्टीनें ह्या दालनाचा धागा आपल्याहि इतिहासाशीं येऊन भिडतो. १९३३ सालीं मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर ज्याचीं छायाचित्रें प्रथम टांगलीं गेलीं तो कार्तिए-ब्रेसाँ १९४७ सालीं हिंदुस्थानांत आला. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत त्यानें महात्मा गांधींची भेट घेतली आणि आपल्या छायाचित्रांची एक पुस्तिका त्यांना दाखविली. त्यानंतर थोड्याच वेळानें गांधीजींचा वध झाला. त्या रात्रींचा शोक व दुसऱ्या दिवशींची अंत्ययात्रा ह्यांचीं त्यानें टिपलेलीं दृश्यें जगभर गेलीं. तो दिवस ज्यांनीं पाहिला नाहीं अशा आपल्या अनेकांच्या मनांत तो त्या दृश्यांच्या रूपानेंच वसला आहे. एखादें छायाचित्र कलाकृति कीं दस्तऐवज, हा वाद अशा वेळीं अपुरा वाटूं लागतो. ज्या डोळ्यानें तें टिपलें त्या डोळ्यावर, तो कोणाला ठाऊक नसतांना, कोणी तरी प्रथम विश्वास ठेविला होता.

तो विश्वास ठेवणारें माणूस एक नव्हतें, दोन होतीं. एकानें छायाचित्रें निवडलीं, दुसरीनें तीं टांगण्यापुरतें छप्पर शाबूत राखलें. त्यांच्या वहींत तोटा निघाला. आपल्याहि घरांत, माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या पेटींत, जुने फोटो आणि कांचा पडलेल्या असतील. त्यांतलीं माणसें कोण हें सांगणारें एखादें वडील माणूस अद्याप घरांत असेल. पुढच्या वेळीं घर आवरावयास काढाल तेव्हां ती पेटी रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एक दुपार त्या वडील माणसाजवळ बसून ती उघडा, आणि प्रत्येक फोटोमागें नांव व साल पेन्सिलीनें लिहून ठेवा.